न्यायाधीशाचं मन निकालपत्रात कुठे सापडतं?

अक्षरवेल (धागाकर्ती)

रखमाबाईंचा खटला आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून माहीत आहे. त्यातला एक तपशील मात्र क्वचितच कोणी सांगतं. मुंबई हायकोर्टाने त्या खटल्यात दोन टोकांचे निकाल दिले, आणि दोन्ही वेळा समोरचे कागद जवळजवळ तेच होते. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंचे नवरे दादाजी भिकाजी यांचा 'बायकोला नांदायला पाठवा' हा दावा फेटाळला. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सासरी कधी नांदलीच नाही अशी बाई; आता बाविशीत तिला मनाविरुद्ध त्या माणसाच्या हवाली करायचं हे त्यांना क्रूर आणि रानटी वाटलं, आणि त्यांनी ते निकालात स्पष्ट लिहिलं. दादाजी अपिलात गेले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी निकाल फिरवला. १८८७ च्या मार्चमध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम काढला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. (शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.)

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या जुने निकाल वाचायचा नाद लागलाय. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाईबद्दल, पुरुषाबद्दल न्यायाधीशाची जी मतं असतात ती कायद्याचा अर्थ लावताना फारशी उघडी पडत नाहीत. तिथे भाषा सांभाळलेली असते. ती उघडी पडतात वस्तुस्थिती ठरवताना: कोण खरं बोलतंय, अशा प्रसंगी माणूस कसा वागला असता, काय पटण्यासारखं आहे आणि काय नाही.

मथुरा बलात्कार प्रकरण घ्या. १९७२ चा मार्च, देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा ही चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. जबाब नोंदवून सगळे निघाले तेव्हा तिला एकटीला थांबवून घेतलं. नातेवाईक बाहेर उभे, ठाण्याचे दिवे मालवलेले, दार आतून बंद. १९७४ मध्ये सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण मुलगी धादांत खोटं बोलते आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठ म्हणालं, पोलिसांच्या धाकाखाली मुकाट्याने सहन करणं म्हणजे संमती नव्हे, आणि शिक्षा सुनावली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली हे पटत नाही, म्हणून.

वैद्यकीय अहवाल तिन्ही कोर्टांपुढे एकच होता. त्यात जखमा नव्हत्या. एका कोर्टाला त्यात भीती दिसली, दुसऱ्या दोघांना संमती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं.

कायदा बदलला ते छानच झालं. पण साक्ष तोलणारा माणूस कायद्याने बदलतो का, यावर मला इथल्या मंडळींची मतं हवी आहेत. वकील मंडळींनी जरूर लिहावं.

धोंडोपंत

विषय चांगला आहे, मांडणी एकांगी. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे तत्त्व काही कोणी बायकांविरुद्ध काढलेलं नाही. पुरावा कमी पडला तर सुटका होणारच. उद्या प्रत्येक न पटलेल्या निकालानंतर आपण न्यायाधीशाच्या मनात काय होतं ते तपासत बसायचं का? मग हरणारा प्रत्येक जण तेच म्हणेल.

ओसरी

धोंडोपंत, पुरावा 'कमी पडला' हे ठरवतं कोण? तोच माणूस ना?

मूकवाचक

वाचनखूण साठवली आहे. एरवी नुसता वाचतो, पण एक शंका. बायका न्यायाधीश म्हणून जास्त संख्येने आल्या की हा प्रश्न आपोआप सुटेल ना?

काळा कोट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. मूकवाचकांच्या शंकेकडे कोणीतरी येईलच. मी आधी खालचं सांगतो, कारण वरच्या कोर्टात जे जातं ते इथेच तयार होतं.

साक्ष चालू असताना साक्षीदार जे बोलतो ते जसंच्या तसं टाइप होत नाही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश त्याचं एक वाक्य करून स्टेनोला सांगतात. प्रश्न वेगळा लिहायची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. प्रश्न-उत्तर मिळून एकच विधान होतं. एका विनयभंगाच्या खटल्यात फिर्यादी बाईंचा उलटतपास चालू होता. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, 'तुम्ही ओरडला नाहीत?' बाई गप्प. पुन्हा विचारलं. तरी गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर खाली बघत म्हणाल्या, 'तोंडातून आवाजच फुटेना.' साहेबांनी स्टेनोला सांगितलं: 'हे म्हणणे खरे आहे की, मी आरडाओरड केली नाही.'

यात खोटं काहीच नाही. बाई ओरडल्या नव्हत्याच. पण आवाज फुटला नाही हे त्या वाक्यात नाही, आणि तीन वेळा विचारेपर्यंत त्यांचे हात कठड्याला घट्ट धरलेले होते हेही नाही. सरकारी वकील जागरूक होते, त्यांनी हरकत घेतली म्हणून पुढे अर्धं वाक्य जोडलं गेलं. ते कागद चाळत बसले असते तर संपलं होतं. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्यावर टिपण लिहायची मुभा कायद्याने न्यायाधीशांना दिलेली आहे. ते किती वेळा लिहिलं जातं ते विचारू नका.

आता हाच कागद अपिलात जातो. वरचं कोर्ट काय म्हणतं? साक्षीदाराला समोर पाहिलं ते खालच्या कोर्टाने, तेव्हा विश्वासार्हतेबाबत त्यांच्या मताला मान द्यायला हवा. तत्त्व बरोबरच आहे. फक्त त्यामुळे कायद्याच्या अर्थातली चूक अपिलात लगेच दुरुस्त होते, आणि 'ही बाई मला खरी वाटली नाही' ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

ते न्यायाधीश वाईट होते का? मुळीच नाही. अत्यंत सज्जन, वेळेवर बसणारे गृहस्थ. बोर्डावर ढिगाने प्रकरणं, त्यात ही साक्ष दुपारच्या सुट्टीच्या आत संपवायची होती. ओरडणं हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं, ते लिहून घेतलं. न ओरडण्याचं कारण महत्त्वाचं वाटलं नाही, ते राहिलं. धोंडोपंत, तुम्ही म्हणता तो 'पुरावा' असा तयार होतो.

अक्षरवेल

काळा कोट, याच्यासाठीच धागा काढला होता. धन्यवाद.

मूकवाचक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नागपूर खंडपीठानेच २०२१ च्या जानेवारीत दिलंय. बारा वर्षांच्या मुलीचं शरीर कपड्यांवरून चाचपणं हा पोक्सोखालचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) 'लैंगिक हल्ला' होत नाही, कारण त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, असा तो निकाल. पोक्सोच्या त्या कलमाखाली किमान तीन वर्षं शिक्षा आहे. ती काढून विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्षावर आणली. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती महिला होत्या. त्याविरुद्ध खुद्द ॲटर्नी जनरल सुप्रीम कोर्टात गेले आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो रद्द झाला. महत्त्वाचा आहे तो करणाऱ्याचा हेतू, मधे कापड होतं की नाही हे नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. त्या पीठावर न्या. लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी होते.

याचा अर्थ महिला न्यायाधीश नकोत असा कोणी काढू नये. सुप्रीम कोर्टात पहिली महिला न्यायमूर्ती, फातिमा बीवी, आल्या १९८९ मध्ये, म्हणजे कोर्ट सुरू झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. २०२१ पर्यंत सगळ्या मिळून ११. ही संख्या लाजिरवाणी आहे आणि ती वाढायलाच हवी. पण साडी नेसलेलं माणूस खुर्चीवर बसवलं म्हणजे दृष्टिकोन आला, इतकं ते सोपं नाही.

सांख्यिक

माझ्या आवडीचा मुद्दा निघाला. थोडे अभ्यास सांगतो, कारण या विषयावर लोक ठोकून देतात.

आपल्याकडे २०१० ते २०१८ या काळातल्या ५० लाखांहून जास्त फौजदारी खटल्यांची माहिती संशोधकांच्या एका गटाने तपासली. प्रश्न असा: आरोपी आणि न्यायाधीश एकाच लिंगाचे किंवा एकाच धर्माचे असले तर आरोपी सुटण्याची शक्यता वाढते का? उत्तर आलं, सरासरीने जवळजवळ शून्य. धोंडोपंत खूष होतील. पण नीट बघा, मोजलं काय? महिला आरोपीला महिला न्यायाधीश झुकतं माप देते का, एवढंच. न्यायाधीशाच्या मनात बाईचं काय चित्र आहे हे त्यात मोजलेलंच नाही. ते चित्र पुरुष आणि महिला न्यायाधीशांच्या मनात सारखंच असेल, तरी उत्तर शून्यच येणार.

अमेरिकेत अपील कोर्टात तिघांचं पीठ बसतं, म्हणून तिथे मोजायला सोपं जातं. तिथल्या एका अभ्यासात नोकरीतल्या लिंगभेदाच्या दाव्यांत तक्रारदाराच्या बाजूने मत देण्यात महिला न्यायाधीश पुरुषांपेक्षा सुमारे १० टक्के-बिंदूंनी पुढे निघाल्या. पण त्याहून गमतीची बाब म्हणजे पीठावर एक महिला असली की शेजारच्या पुरुषांची मतंही त्या दिशेला सरकतात. इतर बहुतेक विषयांच्या खटल्यांत असा फरकच दिसला नाही. आणखी एका अभ्यासात असं दिसलं की ज्या न्यायाधीशांना मुली आहेत ते स्त्रियांच्या हक्कांबाबतच्या खटल्यांत जास्त अनुकूल मत देतात. मुलगी होणं न होणं आपल्या हातात नाही, म्हणून हा निष्कर्ष मला बराच भक्कम वाटतो.

'अनुभवाने पूर्वग्रह गळून पडतो' असं इथे कोणी म्हणायच्या आधीच तिसरा सांगतो. अमेरिकेतच ५०० हून जास्त न्यायाधीशांना काल्पनिक खटले देऊन निकाल मागितले, सामान्य माणसांनाही तेच दिले. घरकाम-मुलं बाईने आणि कमाई पुरुषाने, असं मानणाऱ्या न्यायाधीशांचे निकाल त्या मताप्रमाणेच झुकले. कायद्याचं शिक्षण आणि खुर्चीवरची वर्षं यांनी तो झुकाव कमी झाला नाही.

आपल्याकडे मृणाल सतीश यांनी १९८४ ते २००९ मधल्या बलात्काराच्या निकालांतल्या शिक्षा तपासल्या. पीडिता अविवाहित की विवाहित, ओळखीच्या माणसाने केलं की परक्याने, यावर शिक्षा किती हे हलतं, असं त्यांना आढळलं. गुन्हा सिद्ध झाल्यावरची ही गोष्ट आहे. तिथे संशयाचा फायदा वगैरे काही नसतो.

बाप माणूस

सगळे बायकांच्याच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. मुलाच्या अंतरिम ताब्याच्या अर्जावर सुनावणी होती. साहेबांनी विचारलं, रात्री ताप आला तर मुलाजवळ कोण उठून बसतं? मी म्हटलं, मी. खरंच मी. बायकोची नोकरी फिरतीची होती, डॉक्टरांचे कागद, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या वहीवरच्या सह्या सगळ्या माझ्या. साहेब हसले, माझ्या वकिलांकडे बघून म्हणाले, 'बरोबर सांगून आणलंय.' ताबा आईकडे. मला महिन्यातून दोन शनिवार.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हे हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यातच लिहिलंय, मान्य. पण माझा मुलगा सात वर्षांचा होता. ४९८अ (सासरच्या छळाचं कलम) बद्दल तर सुप्रीम कोर्टानेच २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात लिहिलंय की नाराज बायका त्याचं शस्त्र करतात, म्हणून पोलिसांनी सरसकट अटक करू नये. यावर कोणी धागा काढणार का?

ओसरी

बाप माणूस, वाचून वाईट वाटलं. मनापासून. पण तुमचा किस्सा अक्षरवेलच्याच बाजूचा आहे हो! पुरुष ताप आलेल्या पोराजवळ बसतच नाही असं ज्याला ठाम वाटतं, त्याच माणसाला बाईने रात्रपाळी करणं पटत नाही. तुमच्याकडून मूल गेलं, दुसऱ्या कोर्टात त्याच मतापायी एखादीची नोकरी 'क्रूरता' ठरेल. सांख्यिकनी सांगितलेला तिसरा अभ्यास बघा, त्यात मुलांच्या ताब्याचाच प्रश्न होता, आणि पारंपरिक मतांचे न्यायाधीश आईला जास्त वेळ देत होते.

अर्नेश कुमारबद्दल: अटकेवरचे निर्बंध मला पटतात. 'नाराज बायका' ही भाषा पटत नाही. अटक सरसकट नको म्हणायला एवढं पुरेसं होतं की अटक हा पोलिसांचा हक्क असला तरी प्रत्येक वेळी गरज नसते. निकालात ते कारणही आहे. मग बायकांवर शेरा कशाला?

आता माझा मुद्दा, जो अजून कोणी काढला नाही: पैसा. बलात्काराच्या निकालांवर ओरड होते, पेपरात येतं. अपघात न्यायाधिकरणात रोज जे चालतं त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मी विमा दाव्यांच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते.

घर सांभाळणारी बाई अपघातात गेली तर भरपाई किती? त्यासाठी तिचं 'उत्पन्न' धरावं लागतं. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात सूत्र होतं: न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे कमावत्याच्या एक तृतीयांश. करून बघा. नवरा वर्षाला ३६,००० मिळवत असेल तर ती १२,००० ची. नवरा १८,००० मिळवत असेल तर ती ६,००० ची. दोघींनी सकाळी पाचला उठून तेवढाच स्वयंपाक केला, तेवढंच पाणी भरलं, तेवढीच म्हातारी माणसं सांभाळली. किंमत मात्र नवऱ्याच्या पगारावर.

त्यावर पुन्हा न्यायाधिकरणाची मर्जी. एकीकडे वाचलेला निकाल डोक्यातून जात नाही: मयत 'केवळ गृहिणी' असल्याने उत्पन्नाचा पुरावा नाही, म्हणून किरकोळ रक्कम धरली. बाई चार माणसांचं करत होती, दोन म्हशी बघत होती, हे नवऱ्याच्या साक्षीत होतं. आमच्या कंपनीच्या वकिलाला त्यावर उलटतपास घ्यायची गरजच पडली नाही.

सुप्रीम कोर्ट यात हळूहळू हललं. २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात (जमशेदपूरच्या कारखान्यातल्या कार्यक्रमात लागलेली आग) गृहिणींच्या सेवेची किंमत महिना ३,००० धरली. २०१० मध्ये अरुण कुमार अग्रवाल निकालात न्या. गांगुलींनी दाखवून दिलं की जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत 'बिगर कामगार' म्हणून बसवलंय. आणि ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात न्या. रमणांनी सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचे आकडे काढले: घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७ मिनिटं. गृहिणी काम करत नाही ही समजूतच चुकीची आहे, असं त्यांनी लिहिलं.

'केवळ गृहिणी' लिहिणारा न्यायाधीश स्त्रीद्वेष्टा वगैरे नसतो. त्याच्या घरी चहा आपोआप येतो, एवढंच.

सांख्यिक

ओसरी, जबरदस्त प्रतिसाद. +१.

धोंडोपंत

ओसरीताई, नुकसानभरपाईचा मुद्दा मान्य, तो मला माहीत नव्हता. तरीही संसाराच्या बाबतीत कोर्टाने फार आत शिरू नये असं माझं मत कायम आहे. दिल्ली हायकोर्टाने एकदा म्हटलं होतं ना, की घरात संविधान आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं. मला ते पटतं.

अक्षरवेल

धोंडोपंत, ते हरविंदर कौर प्रकरण, १९८३. आणि त्याचा संदर्भ मजेशीर आहे. त्याच वर्षी थोडं आधी आंध्र हायकोर्टाच्या न्या. चौधरींनी टी. सरिता प्रकरणात 'नांदायला ये' असा हुकूम मागायची हिंदू विवाह कायद्यातली तरतूदच घटनाबाह्य ठरवली होती, कारण बाईच्या शरीरावर कोणाचा हक्क हे सरकारने ठरवायचं नाही. दिल्ली हायकोर्टाने बैल आणला तो या निकालाला उत्तर म्हणून, आणि तरतूद टिकवली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरोज राणी निकालात दिल्लीची बाजू घेतली. म्हणजे कोर्टाने घरात शिरू नये म्हणून कोर्टानेच बाईला घरात पाठवायचं. ती तरतूद, कलम ९, अजून कायद्यात आहे.

व्यभिचाराच्या कलमाची गोष्टही तशीच. ४९७ प्रमाणे गुन्हेगार फक्त पुरुष, तक्रार करणार फक्त बाईचा नवरा, आणि नवऱ्याची मूक संमती असेल तर गुन्हाच नाही. १९८५ मध्ये सौमित्री विष्णू प्रकरणात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी कलम टिकवलं. फूस लावणारा पुरुषच असतो, बाई नव्हे, ही सर्वमान्य गोष्ट म्हणून निकालात आली. २०१८ मध्ये पाच जणांच्या पीठाने ते कलम रद्द केलं आणि त्यातलं एक निकालपत्र त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांचं. तेहतीस वर्षांपूर्वीची 'सर्वमान्य गोष्ट' मुलाने खोडली. बाईला शिक्षेतून सूट देणारा कायदा वरवर तिच्या सोयीचा वाटतो. तिला स्वतःची इच्छा असू शकते, हेच त्या कायद्याने नाकारलं होतं.

काळा कोट

चांगुलपणाच्या पूर्वग्रहावरच एक पुरवणी. १९८३ चा भरवाडा भोगीनभाई निकाल आम्ही बलात्काराच्या खटल्यात फिर्यादीतर्फे नेहमी वापरतो. पीडितेच्या साक्षीला दुजोरा हवाच असं नाही, दुजोऱ्यासाठी अडून बसणं म्हणजे जखमेवर मीठ, असं न्या. ठक्कर यांनी त्यात म्हटलं. पण कारण काय दिलं? भारतीय समाज परंपरेने बांधलेला, इथली मुलगी अब्रूच्या भीतीने असा खोटा आरोप सहसा करणारच नाही. निकाल बाईच्या फायद्याचा, म्हणून आम्ही कधी त्या परिच्छेदाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

२०२० च्या जूनमध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. कर्नाटक हायकोर्टाने एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना लिहिलं की घटनेनंतर थकून झोप लागली हे फिर्यादीचं म्हणणं भारतीय स्त्रीला शोभणारं नाही. नंतर तो शेरा काढून टाकला गेला. पण धागा एकच आहे. बाई 'अशी' असते म्हणून ती खरी. ही बाई 'तशी' वागली नाही म्हणून खोटी. पहिलं वाक्य मान्य केलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मी आता भरवाडा वाचताना तो भाग सोडून वाचतो. १९९६ चा गुरमीत सिंग निकाल जास्त सुरक्षित: त्यात सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टाला मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवल्याबद्दल सुनावलं आहे, आणि तिच्या साक्षीला जखमी साक्षीदाराइतका विश्वास द्या म्हटलं आहे.

बाप माणूस

ओसरी, तुमचं उत्तर रागाने वाचलं, मग परत वाचलं. पटलं असं म्हणणार नाही. पण त्या न्यायाधीशांना बाप कधी मुलाजवळ बसलेला दिसलाच नसेल, हे असू शकतं.

मूकवाचक

एवढं वाचल्यावर व्यवहाराचं विचारतो. नात्यातल्या एका मुलीच्या खटल्यात न्यायाधीशांनी जामिनाच्या आदेशात तिच्या राहणीमानावर दोन ओळी लिहिल्यात. आदेश विरुद्ध गेला ते जाऊ दे, पण त्या ओळी तिला रोज टोचतात. काही करता येतं का? ते हँडबुक वगैरे आलं होतं त्याचा उपयोग होईल का?

काळा कोट

हँडबुक १६ ऑगस्ट २०२३ चं आहे, सुप्रीम कोर्टाने काढलेलं. निकालात बायकांबद्दल कुठले शब्द आणि कुठले समज टाळावेत याची तक्ते करून यादी दिली आहे. वाचनीय आहे, पण ते मार्गदर्शन आहे, बंधनकारक नाही. तुमच्या कामाचा आहे तो १८ मार्च २०२१ चा अपर्णा भट निकाल. मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की राखीपौर्णिमेला बायकोला घेऊन, मिठाईचा डबा घेऊन फिर्यादीच्या घरी जा, तिच्याकडून राखी बांधून घे, ओवाळणीचे ११,००० रुपये दे आणि तिच्या मुलाला ५,००० दे. सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द केली आणि सगळ्या कोर्टांना बजावलं: जामिनात फिर्यादीशी संपर्क येईल अशी अट नको, तडजोड किंवा लग्न सुचवायचं नाही, तिचे कपडे, वागणं, पूर्वायुष्य यावर शेरे नकोत. हा निकाल आहे, तो बांधतो.

आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा. मग फक्त ते शेरे वगळण्यासाठी हायकोर्टात अर्ज करता येतो, जामीन रद्द करायचं मागायलाच हवं असं नाही. दोन्ही मागण्या एकत्र केल्या तर लक्ष जामिनावर जातं आणि शेरे राहून जातात, म्हणून वेगळं ठेवलेलं बरं. पण हे तुमच्या वकिलांनी कागद बघून ठरवावं. कुठल्या परिच्छेदातली कुठली ओळ, तेवढंच नेमकं लिहा. न्यायाधीशांच्या हेतूबद्दल अवाक्षर नको.

तिची साक्ष अजून व्हायची असेल तर आणखी एक. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवली गेली पाहिजे, हा साक्षीदाराचा हक्क आहे. घाईत 'वाचली, बरोबर आहे' म्हणून सही घेतली जाते. सही करू नका म्हणावं, आधी ऐक. आपण बोललो ते त्यात नसेल तर तिथेच उभं राहून सांगायचं. न्यायाधीशांना दुरुस्ती पटली नाही, तरी ते हरकतीचं टिपण करून जोडू शकतात, आणि ते अपिलात वर जातं. सरकारी वकिलांना हे आदल्या दिवशी भेटून सांगून ठेवा, त्या दिवशी त्यांना वेळ नसतो.